गगनाबाईचं कूळ

आमच्या गल्लीत मुलगी दाखवायचा कार्यक्रम असला की पोह्यांच्या आधी पाहुण्यांसमोर पेरूची एक फांदी ठेवतात. खायला नाही. पाण्याच्या बाटलीत उभी केलेली, थोडी पानं, थोड्या काड्या असलेली साधी फांदी. पाहुण्यांना वाटतं शोभेची असेल. मुलाची आई मनातल्या मनात म्हणत असावी की हार-फुलं महाग झाली असतील बिचाऱ्यांना. मग ऊस, पाऊस, रस्त्यातले खड्डे असं बोलणं सुरू होतं. आणि तेवढ्यात त्या फांदीतली एक काडी उठते, अंग झुलवते आणि नवऱ्या मुलाच्या बाहीवर चालायला लागते.

इथून पुढं जे होतं त्याला गल्लीत काडीची परीक्षा म्हणतात.

परीक्षक अक्का. मुलगा ओरडला की अक्कांचा शेरा ठरलेला: "आवाज हाय, आत काय न्हाय." मुलानं झटकन हात झाडला तर जास्त वाईट. "ह्यो जे येईल ते झटकणार. उद्या बायकोचं बोलणंबी झटकल." एकानं सोफ्यावर उडी मारली होती, आणि त्याच्या आधी तो अर्धा तास आपल्या नव्या ट्रॅक्टरच्या ताकदीविषयी बोलत होता. अक्का त्याच्या वडिलांना म्हणाल्या, "ट्रॅक्टरचंच लगीन लावा की." पण एखादा मुलगा बाहीवरची काडी बघतो, एका हातानं चहा पीत राहतो आणि दुसरा हात हलवत नाही. अशा वेळी अक्का दारातून खाली वाकून मला हाक मारतात, "सदा, कागद काढून ठेव रं. पत्रिका छापायची हाय."

तो सदा म्हणजे मी. अक्कांच्या खोलीच्या बरोबर खाली माझा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. अक्का वर लग्नं जुळवतात, मी खाली छापतो. वरून काय चाललंय हे मला पावलांवरून कळतं. नुसत्या चपला वाजल्या तर पोहे वाया गेले. हसण्याचा आवाज आला तर मी मशीन पुसायला घेतो.

आता ती काडी. ती काडी नसते, किडा असतो. त्याला आमच्याकडं काडीकिडा म्हणतात, आणि घाटावरच्या रानात तो पुष्कळ असतो, फक्त दिसत नाही. न दिसणं हाच त्याचा उद्योग. वाऱ्यावर फांदी हलली की हाही हलतो, वारा थांबला की हाही थांबतो, आणि कुणी हात लावला तर पाय जवळ घेऊन असा ताठ पडतो की वाळकी काडीसुद्धा त्याच्यापुढं चुळबुळी वाटावी. अक्कांच्या खोलीत जुनं, जाळीचं, दुभत्याचं कपाट आहे. त्यात दूध-दही कधीच ठेवत नाहीत. त्यात काडीकिडे राहतात.

अक्कांनाही बघायला हवं. उंच, वाळक्या, मान जरा पुढं. नेसणं कायम मातकट नाहीतर पोपटी. मंडईत मेथीच्या ढिगाशेजारी उभ्या राहिल्या की माझी बायको त्यांना शोधत फिरते. बोलण्यात मधेच कानडी शब्द येतो, नको म्हणायचं असलं की "ब्याड". लहानपण शिरोळकडं, सीमेच्या बाजूला गेलं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. बाकी नाव नाही, आडनाव नाही. दारावरच्या पाटीवर फक्त "अक्का. लग्न जुळवून मिळेल." ही पाटी मीच छापलेली. तेव्हा मी विचारलं होतं, "पूर्ण नाव काय घालू?" त्यावर उत्तर आलं, "मी इचारणारी, तू सांगणारा. उलटं करू नको."

आणि विचारण्यात त्यांचा हात धरणारा कोल्हापुरात नाही. "कूळ सांगा, मग बोला" हे त्यांचं पहिलं वाक्य. ते त्या सगळ्यांना म्हणतात. गॅसची टाकी आणणाऱ्याला म्हणतात. मतं मागायला आलेल्याला म्हणतात, आणि तो बिचारा हात जोडून तीन पिढ्या सांगतो. एकदा छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरनं नळी छातीला लावली आणि अक्का म्हणाल्या, "दीर्घ श्वास घेते. आदी तुमचं मामाकडचं गाव सांगा." डॉक्टरनं सांगितलं. अक्कांनी त्याच खाटेवर पडल्या पडल्या त्याच्या धाकट्या भावासाठी स्थळ सुचवलं.

माणूस समोर आला की त्याचं गाव, कूळ, देवक, आजोळ त्यांच्या डोक्यात आपापल्या फडताळात जाऊन बसतं. कोण कुणाचा, कुठून आला, कुणात बसतो. काही राहिलं तर अक्कांना जेवण जात नाही.

म्हणूनच ती गगनबावड्याची गोष्ट झाली.

एका स्थळाच्या चौकशीला अक्का गगनबावड्याला गेल्या होत्या. परतताना एसटीत बसल्या तर पदरावर एक काडी. काढून टाकली. काडी परत पदरावर. पुन्हा टाकली, तर ती शेजारच्या सीटवरून सावकाश चालत आली आणि मूळ जागी बसली. हिरवी, वीतभर लांब, अंगानं जाड. अक्कांनी चष्मा लावला आणि सवयीनं विचारलं, "पावणं, कुठलं?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणी उत्तर दिलं नाही.

तिथून त्यांची झोप गेली. किडा घरी आला, त्याचं नाव गगनाबाई पडलं, आणि अक्कांनी जाहीर केलं, "हिचं कूळ लावल्याबिगर मी डोळं मिटायची न्हाय." आम्हाला वाटलं दोन दिवसांचं खूळ आहे. पण त्यांनी मला एक जाड, रंगीत चित्रांचं इंग्रजी पुस्तक मागवायला लावलं. दुपारी मी ते वाचून दाखवायचो. जगभरातले काडीकिडे, त्यांची घराणी, उपघराणी, त्यांची चुलत घराणी. नावं एवढी लांब की मधे पाणी प्यावं लागे. अक्का डोळे मिटून ऐकत आणि मधेच विचारत, "ह्यांचं सोयरं कोण?"

पुस्तकात एक गोष्ट निघाली. या किड्यांची घराणी तोंडावरून नव्हे, अंड्यावरून ओळखतात. प्रत्येक जातीचं अंडं वेगळं. कुणाचं तांब्यासारखं, कुणाचं एरंडाच्या बीसारखं, कुणावर नक्षी, कुणावर टोपण. हे ऐकून अक्का एवढ्या खूश झाल्या की त्यांनी माझं प्रूफ तपासायचं भिंग मागून नेलं. ते परत आलं नाही. त्या हंगामात माझ्या एका पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या जागी त्याच्या मामाचं नाव गेलं, आणि मामींनी छापखान्यात येऊन जे ऐकवलं ते मी इथं छापू शकत नाही.

गगनाबाई अंडी घालायची म्हणजे वरून सोडायची. फांदीवर बसायची, एक अंडं खाली टपकवायची आणि पुढचं पान खायला घ्यायची. मागं वळून बघणं नाही. माझी बायको म्हणाली, "कसली आई म्हणायची ही?"

अक्कांना ते लागलं. "तसं न्हाय वैनी. अंड्याच्या डोस्क्याला बघा, बारकं टोपण हाय. मुंगीला ते ग्वाड लागतं. मुंगी अंडं उचलून बिळात न्हेती, टोपण खाती आणि अंडं तसंच ठेवती. तिथं ना पाऊस, ना ऊन, ना दुसरं कोण खायाला. दुसऱ्याच्या घरात वाढतंय, पर जगतंय की. आईनं टाकलं म्हंजे मेलंच असं नसतंय."

एवढं सगळं त्या एका दमात म्हणाल्या आणि पेरूची पानं पुसायला लागल्या. पानं आधीच स्वच्छ होती.

गगनाबाईची पिल्लं झाली. सगळ्या मुली. आणि नवरा कुठंच नाही. यावर गल्लीत चर्चा झाली. बायकोनं विचारलं, "अक्का, नवऱ्याबिगर पोरं? मग तुमच्या धंद्याचं कसं व्हायचं?"

"किडं माझ्याकडं नाव नोंदवत न्हाईत," अक्का म्हणाल्या. "आणि ह्या शाण्या हायत्या. मिळाला तर बरा, न्हाय मिळाला तर त्याच्यासाठी अडून बसत न्हाईत."

एका मुलीचा पाय कपाटाच्या दारात सापडून गेला. अक्कांनी दिवसभर अन्न घेतलं नाही. मग तिनं कात टाकली आणि त्या जागी नवा पाय निघाला, जरा आखूड, पण पाय. टाकलेली कात तिनं खाऊन टाकली. अक्कांनी हे दृश्य गल्लीतल्या प्रत्येकाला बोलावून दाखवलं. तालमीतल्या पोरांना सांगितलं, "बघा, हाडं मोडली म्हणून रडताय. शिका जरा." पोरं म्हणाली, "अक्का, आमी कात खायची व्हय?"

तर अशी घरात वरच्या फळीवर गगनाबाई आणि तिच्या लेकी नांदत होत्या. खालच्या फळीवर मात्र दुसरा पाहुणा होता. आजऱ्याला एका लग्नात मांडवाच्या खांबावर अक्कांना तो सापडला. तपकिरी, सुतासारखा बारीक, लांबीला गगनाबाईच्या अर्धा, आणि पंख असलेला. त्याचं नाव आजरेकर. त्याला वर ठेवायचा प्रश्नच नव्हता. अक्कांनी निकाल दिला होता: "ह्ये घराणंच येगळं. उंचीत मेळ न्हाय, रंगात न्हाय, ह्याला पंख हायत, तिला न्हाईत, गावं दोन दिशेला. सोयरीक व्हत न्हाय."

आजरेकर दिवसभर खालच्या फळीच्या छताला उलटा लटकून वर बघत असे. अक्का म्हणत, "ह्याला वरल्या मजल्याची हवा आवडतीया."

आता तो दिवस. मुलगा शिरोळचा, विश्वास नावाचा. घरची ऊसशेती, स्वभाव अबोल. सोबत आई आणि एक मामा. मामा म्हणजे पांढऱ्या, पिळदार मिशांचे, खुर्चीत न मावणारे गृहस्थ. मुलगी इथलीच, केतकी. विद्यापीठात कसलातरी अभ्यास करते, एवढं तिच्या आईनं घाईघाईनं सांगितलं होतं आणि विषय बदलला होता. मी पत्रिकांचे नमुने घेऊन वर गेलो होतो, कारण अक्कांना या स्थळाची खात्री होती.

फांदी ठेवली होती. पोहे आले. केतकी खाली मान घालून बसली होती. मला वाटलं लाजतेय. नंतर कळलं, कंटाळली होती. मामांनी पोहे संपवले, दातांत खोबरं अडकलं, त्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि फांदीतली एक बारीक, वाळकी काडी उचलली.

अक्कांचं लक्ष मुलाकडं होतं. माझं मामांकडं होतं, पण मला वाटलं, काडीच आहे.

मामांनी ती काडी दाताशी नेली. काडी ताठ होती. मामांनी एकदा दात कोरला, आणि काडी मामांच्या बोटातून निसटून त्यांच्या मिशीवर चढली.

"आयला," मामा ओठ न हलवता म्हणाले, "काडी चालतीया."

मुलाची आई उठली. केतकीच्या वडिलांनी टीपॉयवरचा पेपर गुंडाळला. अक्का तोंड उघडणार तेवढ्यात त्या म्हणणार होत्या तेच दुसरीकडून आलं.

"हलू नका."

केतकी उठली होती. बशी बाजूला ठेवून ती मामांपाशी गेली, त्यांची मिशी डाव्या हातानं अलगद वर धरली आणि उजव्या हाताचं बोट पुढं केलं. काडी बोटावर आली. केतकीनं ती उजेडात धरली, वरून पाहिली, खालून पाहिली, आणि तिचा चेहरा असा उजळला की मुलाच्या आईनं मामांकडं बघायचं सोडून तिच्याकडं बघितलं.

"ह्याची बायको कुठं आहे?" केतकीनं विचारलं.

"त्याचं लगीन झाल्यालं न्हाय," अक्का म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. "आजरेकर. तू हितं कसा आलास रं?"

कपाटाच्या खालच्या जाळीला एका कोपऱ्यात भोक पडलं होतं. आजरेकर तिथून निघाला होता, भिंतीवरून, खुर्चीवरून वाट काढत टीपॉयवरच्या फांदीवर पोचला होता. आणि त्या फांदीवर परीक्षेसाठी गगनाबाईची थोरली लेक बसलेली होती.

केतकी कपाटापाशी गेली. वरची फळी बघितली. खालची बघितली. मग हळूच म्हणाली, "अक्का, ही काय ह्याची बायको. वर बसलीय. हे सगळे एकाच जातीचे आहेत. ह्यांच्यात नर असाच असतो, बारका आणि पंखवाला, आणि मादी अशी मोठी. दोघांना बघून कुणाला वाटणार नाही. मोठमोठ्या अभ्यासकांनीसुद्धा अशा नवरा-बायकोंना वेगवेगळी नावं देऊन ठेवलीत, आणि मग फार उशिरा कळलंय."

सगळ्या जिल्ह्याची लग्नं जुळवणाऱ्या अक्कांनी नवरा-बायकोला एकाच कपाटात, वर आणि खाली, दारं लावून ठेवलं होतं. आणि त्या किड्यांनी आपली जुळवाजुळव स्वतःच केली होती.

मामा रुमालानं मिशी पुसत म्हणाले, "अक्का, आमच्या पोराचं तरी नीट बघितलंय न्हवं?"

अक्का खुर्चीवर बसल्या. आधी त्यांचे खांदे हलले. मला वाटलं रडतायत. मग आवाज फुटला आणि त्या एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या की खाली माझ्या छापखान्यातला माणूस वर बघायला आला. त्यांच्या पाठोपाठ सगळेच हसले. या गोंधळात केतकीला दोन्ही हात मोकळे हवे होते म्हणून तिनं आजरेकराला समोर जो हात दिसला त्यावर ठेवला. तो विश्वासचा हात होता. विश्वासनं तो तसाच धरला. चहा दुसऱ्या हातानं प्यायला. गार झाला होता तरी प्यायला.

अक्कांनी माझ्याकडं बघून मान हलवली. मी नमुने काढले.

पुढं महिनाभर गल्लीनं अक्कांना सुखानं जगू दिलं नाही. तालमीसमोरून गेल्या की पोरं म्हणायची, "अक्का, जावयाला वर घेतलं का न्हाय अजून?" मिसळीच्या दुकानात मालक विचारायचा, "एक प्लेट का दोन? का येगळ्या टेबलावर देऊ?" अक्का उलट उत्तर देत, पण आतून खूश होत्या. जाळीचं कपाट आता एकच घर झालं होतं. आजरेकर गगनाबाईच्या पाठीवर जो बसला तो उतरेचना. दिवसच्या दिवस तसाच. माझी बायको म्हणाली, "ह्ये बरं हाय. बाजारालाबी जायला नको."

मात्र एक गोष्ट राहिली होती. नवरा-बायको ठरले, पण कूळ? अक्कांनी ते काम केतकीवर सोपवलं; तिचा विद्यापीठातला अभ्यास किड्यांचाच निघाला होता. ती रविवारी यायची. अंडी बघायची, मोजमापं घ्यायची, फोटो काढायची. विश्वास शिरोळहून यायचा, का ते कुणी विचारलं नाही. अक्का तिच्या शेजारी शाळेतल्या मुलीसारख्या ताठ बसायच्या. दर वेळी एकच प्रश्न: "लागलं का?"

पावसाळा संपत आला तेव्हा एका रविवारी केतकी आली. मी माझं भिंग परत मागायला वर गेलो होतो.

"अक्का, मी पुण्याच्या अभ्यासकांनाही दाखवलं," ती म्हणाली. "नाही लागत. पाय एका घराण्यासारखे आहेत, पंख दुसऱ्यासारखे, आणि अंडं कुणाशीच जुळत नाही. आणखी अभ्यास लागेल. कदाचित माझ्या हयातीत होईल, कदाचित नाही."

अक्कांनी मांडीवरचा पदर सारखा केला. "मग आता हिचं काय करणार तुमी लोकं? यादीतनं काढणार?"

"काढणार कशाला?"

"कूळच न्हाय म्हणताय न्हवं."

"कूळ नाही असं नाही. आम्हाला ठाऊक नाही," केतकी म्हणाली. "असे पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी जगभर एक पद्धत आहे. त्यांना यादीत घेतात, बाकीच्यांच्या बरोबरीनं, आणि पुढं लिहितात, जागा अजून ठरलेली नाही. त्यात काही कमीपणा नसतो. उलट आम्ही सगळे अशांकडंच जास्त बघतो."

"हासत न्हाईत?"

"कोण हसेल अक्का?"

अक्कांनी कपाटाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "सदा, पोरीसाठी च्या टाक." त्यांच्या घरात मला चहा टाकायला सांगायची ती पहिली वेळ. मी भिंगाचं बोलायचं विसरलो.

लग्नाची तारीख निघाली. पत्रिकेचा मजकूर घेऊन केतकी छापखान्यात आली. निमंत्रकांत दोन्हीकडचे काका, मामा, मिशीवाले मामा, सगळे नाव, आडनाव, गाव यांसकट. सगळ्यांच्या वर तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, "अक्का". पुढचं अक्कांना विचारून घाला म्हणाली.

मी संध्याकाळी वर गेलो नाही. अक्काच खाली आल्या. स्क्रीनवर पत्रिका होती. त्यांनी आपलं नाव बघितलं.

मी म्हटलं, "अक्का, आता तरी सांगा. आडनाव काय, गाव कुठलं? सगळ्यांपुढं आहे, तुमच्याच पुढं मोकळं बरं दिसत नाही."

अक्का माझ्या कागदाच्या रिमांवर बसल्या.

"मला ठाऊक असतं तर सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. "बाजार उठल्यावर मोकळ्या पाट्यांत घावलेली मी. भाजीच्या. शिरोळकडल्या पेंडवाल्यांच्या बाईनं उचलली, घरी न्हेली. तिला मी अव्वा म्हणायची, आई. लई माया केली बाईनं. कुणी कधी टाकून बोललं न्हाय मला. पर लग्नाचं वय झालं आणि बघाय येणारी लोकं इचाराय लागली, कूळ कुठलं, आजोळ कुठलं. अव्वा म्हणायची, माझ्या भणीची लेक म्हणून सांगू या. मी म्हटलं ब्याड. खोटं सांगून कुणाच्या घरात जायचं न्हाय."

मशीनच्या पंख्याचा आवाज येत होता. मी तो बंद केला.

"मग मला एक कळलं," अक्का म्हणाल्या. "आपण पयल्यांदा इचारलं की समोरचा सांगतच बसतो. आपल्याला इचारायची त्याला आठवण ऱ्हात न्हाय. एवढी वर्सं झाली, कुणालाबी आठवण झाली न्हाय बघ. तुला सोडून."

मी उगाच माउस हलवला.

"फुडं काय घालू?" शेवटी मी विचारलं.

"काय घालू नको. आणि झाकूबी नको. मोकळी जागा सोड, टिंबं टिंबं घाल. ठरायची हाय अजून."

तशी छापली. "अक्का" आणि पुढं टिंबं. पत्रिका वाटल्या गेल्या आणि निम्म्या कोल्हापुरानं मला फोन करून सांगितलं की सदाशिवराव, तुमच्या पत्रिकेत चूक राहिलीय. मी सगळ्यांना म्हटलं, भिंग हरवलंय माझं. मागच्या पत्रिकेतल्या त्या मामींचा विश्वास बसला.

लग्न झालं. तांबडा-पांढरा रस्सा भरपूर झाला. मामांनी जेवणानंतर दात कोरायला काडी घेतली, ती आधी उजेडात धरली, फुंकर घातली, तिला एक टिचकी मारली, आणि मगच वापरली.

त्यानंतरची ही गोष्ट. अक्कांकडं नवा कार्यक्रम होता. मुलाकडची मंडळी गारगोटीकडची, बरोबर एक बोलक्या मावशी. मी नमुने घेऊन कोपऱ्यात. फांदी ठेवलेली. मी वाट बघत होतो त्या पहिल्या वाक्याची, कूळ सांगा, मग बोला. पण अक्का म्हणाल्या, "या. दमला असाल. पाणी घ्या आदी." आणि गप्प बसल्या.

अशी गप्प जागा मिळाली की मावशी सोडतात थोडंच. "अक्का, तुमचं गाव कुठलं म्हणायचं ओ? आडनाव काय?"

माझ्या हातातले नमुने खाली पडले. ते गोळा करायला मी वाकलो आणि वाकलेलाच राहिलो.

"त्ये अजून ठरायचं हाय," अक्का म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, मोठा. "तपास चालू हाय. तुमी पोहे घ्या, गार व्हत्यात."

मावशींनी "व्हय का" म्हटलं, पोहे घेतले आणि त्यात खोबरं कुठलं घातलंय ते विचारलं.

मी वर बघितलं. फांदीवर गगनाबाईची एक नात होती, नुकती अंड्यातून निघालेली, शिवणाच्या सुईएवढी. नात की नातू, ते खरं मोठं झाल्यावर कळणार. ती उठली, अंग झुलवलं आणि निघाली. मुलगा श्वास रोखून बसला होता. पण ती त्याच्याकडं गेली नाही. टीपॉयच्या कडेवरून वळली, अक्कांच्या हाताशी आली आणि एकेक पाय टाकत त्यांच्या हिरव्या बांगड्यांवर चढली.

अक्का हलल्या नाहीत.